गोड बातमीच्या आधीची गोळी

निकाहची तारीख ठरली की घराघरांत याद्या निघतात. कपडे किती जोड, भांडी कोणती, दावतीला माणसे किती, वलीम्याचा बावर्ची कोण. या याद्यांत एक वस्तू कधीच नसते, आणि ती सगळ्यांत स्वस्त असते: फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची पट्टी. या महिन्यात तिच्याविषयी लिहायचे ठरवले आहे. विषय काहींना लाजेचा वाटेल. पण ज्या विषयाच्या लाजेपायी एखाद्या बाळाची पाठ उघडी राहू शकते, त्या विषयावर घरात मोठ्यांनीच आधी बोलले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आम्ही शाळेत शिकवतो. आठवड्यातला एक दिवस आमच्या वर्गात निळ्या गोळीचा असतो. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. कुणी मुलगी नाक मुरडते, कुणी मळमळते म्हणते, कुणी गोळी मुठीत धरून गिळल्याचे नाटक करते. तरी समोर उभे राहून सांगितले की बहुतेक जणी घेतात. २०१८ सालच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात प्रत्येक वयासाठी असे काही ना काही ठरवून दिलेले आहे. लहान बाळांना सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वर्षांना निळी, त्यापुढच्या बायकांना लाल. त्याच कार्यक्रमात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, जी फार थोड्या घरांना माहीत असते. मूल हवे असलेल्या स्त्रीने गर्भ राहण्याच्या आधीपासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे.

निळी गोळी शाळेत मिळते. गरोदरपणाची नोंद झाली की आशाताई आणि नर्सबाई गोळ्या हातात देतात. पण शाळा सुटल्यापासून ती नोंद होईपर्यंतचा काळ बहुतेक घरांत रिकामाच जातो. आणि फॉलिक ॲसिडची खरी गरज नेमकी त्याच काळात असते.

तारखा मांडून पाहू

हे का, ते कॅलेंडर समोर ठेवले की लगेच कळते. समजा एका नव्या सुनेची पाळी १ जुलैला आली. गर्भधारणा साधारण १५ जुलैच्या सुमारास होते. पुढची पाळी २९ जुलैला यायला हवी, ती येत नाही. दोन-चार दिवस वाट पाहण्यात जातात, मग नणंदेच्या कानावर घातले जाते, मग सासूच्या. ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तपासणी होते आणि पेढे वाटले जातात. नाव नोंदवून कार्ड हातात येईपर्यंत ऑगस्ट संपत आलेला असतो.

आता बाळाकडे पाहा. गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांत, म्हणजे १२ ऑगस्टच्या आसपास, त्याच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी बंद होऊन गेलेली असते. आपण पेढे वाटत असतो तेव्हा ते काम संपलेले किंवा संपत आलेले असते. कार्डासोबत मिळालेली गोळी आईच्या रक्तासाठी मोलाचीच आहे, ती घ्यायलाच हवी. मात्र त्या नळीच्या कामाला तिला उशीर झालेला असतो.

ही नळी तयार कशी होते? सुरुवातीला बाळाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींना भेटतात आणि जुळतात. सलवारीच्या नाडीसाठी कापडाची पट्टी दुमडून नेफा शिवतो, तसेच काहीसे. या शिवणीसाठी पेशींना फार वेगाने वाढावे लागते, आणि नव्या पेशी घडवायला शरीराला फोलेट लागते. आमचे आंधळगाव आणि शेजारचे मोहाडी कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. मागावर सूत कमी पडले तर कापडाचे काय होते, हे इथे कुणाला सांगायला नको.

शिवण पाठीच्या बाजूला उघडी राहिली तर त्या दोषाला स्पायना बायफिडा म्हणतात. अशा बाळाच्या पायांत बळ कमी असू शकते, लघवी-संडासवर ताबा राहत नाही, काहींच्या डोक्यात पाणी साठते. जन्मताच ऑपरेशन, पुढे अनेक ऑपरेशने आणि दवाखान्याच्या फेऱ्या. शिवण डोक्याच्या बाजूला उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी घडतच नाही, आणि ते बाळ जगत नाही. भारतात झालेल्या पाहण्या एकत्र केल्या तर हजार जन्मांमागे असे दोष चार-पाच निघतात. आकडा लहान दिसतो. पण ज्या घरात तो एक जन्म होतो, त्या घराला हजाराचा हिशेब सांगून उपयोग नसतो.

आपल्याच मुंबईत लागलेला शोध

फोलेट म्हटले की परदेशातली काहीतरी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात त्याचा माग पहिल्यांदा मुंबईत लागला, आणि तोही गरीब मुस्लिम बायकांमुळे. ही हकीकत आपल्या घरांत माहीत असायला हवी.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांनी काम सुरू केले. त्या काळी मुंबईच्या गरीब बायकांना, त्यांत कापड गिरण्यांत राबणाऱ्याही होत्या, गरोदरपणात एक भयंकर रक्तक्षय होई. रक्तातल्या लाल पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या दिसत. कित्येक जणी त्यात दगावत. डॉ. विल्स यांनी आधी जंतूंचा संशय तपासला, मग बायकांच्या ताटाकडे पाहिले. कोणत्या समाजातल्या, कोणत्या परिस्थितीतल्या बायका काय खातात, याची त्यांनी नोंद केली. तेव्हा दिसले की गरीब मुस्लिम बायकांचे जेवण सगळ्यांत निकस होते आणि हा आजारही त्यांच्यातच सगळ्यांत जास्त होता.

मग त्यांनी तसेच जेवण उंदरांना दिले, नंतर माकडांवर प्रयोग केले. मार्माइट नावाचा यीस्टचा एक स्वस्त अर्क दिला की रक्त सुधारते, असे त्यांना आढळले. तोच अर्क त्यांनी आजारी बायकांना दिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ असेच नाव पडले. १९४१ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव पडले फॉलिक ॲसिड. पुढे १९४५ साली तो कारखान्यात तयार करणाऱ्या लेडर्ली प्रयोगशाळेच्या संशोधकांचे प्रमुखही भारतीयच होते: आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

ज्या बायकांच्या रक्तावरून जगाला ही वाट दिसली, त्यांची नावे आज कुणाला माहीत नाहीत. त्या आपल्या परनानी-परदादीच्या पिढीतल्या होत्या. त्यांच्यामुळे सापडलेली गोष्ट जगभरच्या आयांच्या उपयोगी पडावी आणि आपल्याच सुना-लेकींपर्यंत ती वेळेवर पोहोचू नये, हे काही बरोबर नाही.

फोलेट रक्ताला लागते हे कळल्यावर बाळाच्या मणक्याशी त्याचा संबंध सिद्ध व्हायला आणखी बरीच वर्षे गेली. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या तेहतीस केंद्रांवर केलेल्या चाचणीचा निकाल आला. ज्या आयांचे आधीचे बाळ असे दोष घेऊन आले होते, त्यांनी गर्भ राहण्याआधीपासून मोठ्या मात्रेत फॉलिक ॲसिड घेतले. दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी हंगेरीतून दुसरा निकाल आला. तिथे फॉलिक ॲसिड असलेली जीवनसत्त्वे घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक आयांच्या गटात हा दोष एकाही बाळात आढळला नाही, तर न घेणाऱ्या तेवढ्याच गटात सहा ठिकाणी आढळला. त्यानंतर चीनमध्ये रोज फक्त ४०० मायक्रोग्रॅम देऊन पाहिले, आणि जिथे दोष जास्त होते त्या उत्तर भागात ते ७९ टक्क्यांनी कमी झाले.

ताटातून किती मिळते?

“आमच्या घरी भाज्या भरपूर होतात, मग गोळी कशाला?” असे हमखास विचारले जाते. पालक, मेथी, चवळीची पाने, हरभरा, मूग, शेंगदाणे, बीट यांत फोलेट असते आणि ते रोज खावेच. पण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नासते. भाजी चिरून धुतली, उकडून पाणी फेकले, तासभर मंद आचेवर ठेवली की त्यातले बरेचसे निघून जाते. भाजी आधी धुवा, मग चिरा, आणि झाकण ठेवून थोड्याच वेळात शिजवा. कलेजीतही फोलेट भरपूर असते, पण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असल्याने गर्भ राहायच्या दिवसांत आणि गरोदरपणात ती टाळलेली बरी.

आपला भंडारा जिल्हा भाताचा. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळायचे, असे सरकारने ठरवले आणि मार्च २०२४ पर्यंत सगळ्या योजनांत ते पोहोचवले. हे दाणे जरा वेगळे दिसतात, म्हणून कुणी त्यांना ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून निवडून फेकले. ते प्लास्टिक नव्हे, तांदळाच्याच पिठाचे दाणे आहेत. ते फेकू नका. मात्र हिशेबही लक्षात ठेवा. अशा एक किलो तांदळात फॉलिक ॲसिड ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम असते. दिवसाला पाव किलो तांदूळ खाल्ला तरी पोटात जास्तीत जास्त तीसेक मायक्रोग्रॅम जाते. गरज आहे ४०० ची. तांदूळ मदत करतो, गोळीची जागा घेत नाही.

कुणी, किती, केव्हापासून

सर्वसाधारण निरोगी स्त्रीसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधी सुरू करावी, तीन महिने आधी केली तर अधिक चांगले. गर्भ राहिल्यावर बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत ती बंद करू नये. पुढे सरकारी लोह-फॉलिक गोळी सुरू होतेच. आठवड्यातून एकदा घेतलेल्या लाल किंवा निळ्या गोळीवर रोजच्या गोळीचे काम भागत नाही.

इथे एक अडचण येते. मेडिकलमध्ये “फॉलिक ॲसिड द्या” म्हटले की बहुतेक ठिकाणी ५ मिलिग्रॅमची गोळी पुढे येते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट. बरेच डॉक्टर तीच लिहून देतात आणि डॉक्टरांनी दिली असेल तर घाबरायचे कारण नाही. पण स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षे ती घेत राहू नये, कारण जास्त मात्रेत फॉलिक ॲसिड घेतल्याने बी-१२ ची कमतरता झाकली जाऊ शकते. म्हणून पट्टीवरचा आकडा वाचा आणि डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारून घ्या.

मोठी मात्रा काही जणींना खरोखरच लागते: आधीचे बाळ मणक्याचा किंवा मेंदूचा दोष घेऊन आलेले असेल, पती-पत्नीपैकी कुणाला किंवा जवळच्या नात्यात असा दोष असेल, आईला मधुमेह असेल, फिट्सची औषधे चालू असतील. अशांनी मूल हवे असे ठरवताच डॉक्टरांना भेटावे. चालू औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. फिट्सची गोळी एकाएकी थांबवणे आईच्या जिवावर बेतू शकते. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या बहिणींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गर्भ राहू देऊच नये, कारण ते औषध फोलेटच्याच कामात आड येते.

आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, हे विसरून चालणार नाही. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या स्त्रीला फॉलिक ॲसिड जास्त लागते. शिवाय आपल्यात चुलत, मामे, फुफेरे नात्यांत निकाह होतात. दोघांच्या रक्तात एकच दोष लपलेला असण्याची शक्यता अशा नात्यात वाढते. रक्ताची साधी तपासणी निकाहच्या आधी दोघांनीही करून घ्यावी. याने कुणाच्या खानदानाला बट्टा लागत नाही.

घरातला संशय

खरी अडथळ्याची जागा दुकान किंवा दवाखाना नाही, घर आहे. नवी सून रोज रात्री एक गोळी घेते हे दिसले की दोन संशय उठतात. एक, ‘ही मूल होऊ नये म्हणून गोळी घेते.’ दुसरा, ‘हिच्यात काही दोष असेल, माहेरच्यांनी लपवून दिली.’ या भीतीने मुली पट्टी कपड्यांच्या घडीत लपवतात, चार दिवस घेतात आणि सोडून देतात. यावर उपाय सुनेच्या हातात नसतो, सासूच्या आणि नवऱ्याच्या हातात असतो. सासूबाईंनीच म्हणावे, “बेटी, ही गोळी बाळाच्या पाठीसाठी आहे, रोज घेत जा.” एवढ्या एका वाक्याने लपवाछपवी संपते.

दुसरी एक गोष्ट फार दुखावणारी आहे. दोष असलेले बाळ जन्माला आले की आईकडे बोट जाते. ग्रहणात सुरी हातात घेतली, संध्याकाळी झाडाखालून गेली, नजर लागली. ज्या दिवसांत ती नळी जुळायची राहिली, त्या दिवसांत आपण आई होणार आहोत हे त्या बाईला माहीतही नव्हते. गोळी घेऊनही काही बाळांत दोष राहतो, कारण सगळेच दोष फोलेटच्या कमतरतेने होत नाहीत. म्हणून अशा आईला दोष देऊ नका. तिला धीर द्या आणि पुढच्या वेळेआधी डॉक्टरांकडे घेऊन जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

या गोळीने गर्भ राहायला अडचण होते का? नाही. गर्भनिरोधक गोळीशी तिचा काही संबंध नाही.

रोजाच्या महिन्यात काय करावे? दिवसातून एकदाच घ्यायची असल्याने इफ्तारनंतर किंवा सहरीला घ्यावी.

हलाल-हरामची शंका असेल तर? फॉलिक ॲसिडची साधी गोळी मिळते, तीच मागावी. जिलेटिनचे कवच असलेल्या मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूलची गरज नाही.

एखाद्या दिवशी राहून गेली तर? दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे एकच घ्यावी, दोन एकदम नकोत.

गर्भ राहिला आहे आणि गोळी घेतलेलीच नाही, आता? आजच डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना भेटून सुरू करावी. बहुतेक बाळे गोळी न घेताही धडधाकट जन्मतात, त्यामुळे घाबरून जाऊ नये. सोनोग्राफी वेळेवर करून घ्यावी.

पहिले मूल चांगले झाले, दुसऱ्या वेळी गरज आहे का? आहे. अंगावर पाजण्यात आईचा साठा कमी झालेला असतो. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू होताच पुन्हा गोळी सुरू करावी.

मूल होणे-न होणे अल्लाहच्या हाती आहे, मग ही धडपड का? पेरणी आपण करतो, पाऊस आपल्या हाती नसतो. म्हणून बियाणे निवडायचे कुणी सोडत नाही. तदबीर केल्याने तकदीरवरचा भरवसा कमी होत नाही.

शेवटी तीन विनंत्या. मुलीच्या अम्मींनी निकाहच्या आधीच ही गोष्ट मुलीला नीट समजावून सांगावी. सासूबाईंनी ती घरात उघडपणे बोलावी. आणि नवरदेवांनो, तुम्हीही बाप होणार आहात, तेव्हा पट्टी तुम्ही आणा. मेडिकलवर जाऊन मागायची लाज तुम्ही घेतलीत तर तिला ती घ्यावी लागणार नाही. महिनाभराच्या गोळ्यांना लागतात त्याहून जास्त पैसे आठवड्याच्या पान-खर्ऱ्यावर उडतात. तेवढ्यातून आपल्या बाळाची पाठ जपता येत असेल, तर इन्शाअल्लाह, हा सौदा घाट्याचा ठरणार नाही.